खाडीत रुतलेली दुपार

आप्पा गेले तेव्हा मला रडू आलं नाही, झोप आली. दारात माणसं जमली होती, बाहेर बांबू बांधायचं काम चाललं होतं आणि मी चुलीच्या खोलीत ज्वारीच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटले. कुणीतरी बाईनं खांदा धरून हलवलं. तिला वाटलं, सुनेला भोवळ आली. तिनं माझ्या नाकाला कांदा लावला.

आप्पा म्हणजे माझे सासरे. सोलापुरात गिरणीत मागावर होते. एक दिवस मागापाशी खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत. चौघांनी उचलून घरी आणलं. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. त्यानंतर वर्षाच्या वर ते अंथरुणाला खिळून होते. धिप्पाड माणूस. कुशीवर वळवायचं तर दोघी लागायच्या. सासूबाई खांद्याशी, मी पायांशी. त्या "हं" म्हणायच्या आणि आम्ही दोघी एकदम जोर लावायचो. पातळ आंबील भरवायची, पुसायचं, पाठीला राख लावायची, धुणं धुवायचं, की पुन्हा "हं". माझी मुलगी तेव्हा पाच-सहा वर्षांची. तिनं बाहुलीला निजवायचा खेळ मांडला, तर तीही आधी "हं" म्हणायची.

सासूबाईंना सगळे अव्वा म्हणायचे. घर मूळचं अक्कलकोटाकडचं, मैंदर्गीचं. तिकडं कानडी आणि मराठी एकाच चुलीवर शिजतं.

आप्पा गेल्यावर काम संपलं, तरी अंगाला ते कळायला तयार नव्हतं. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की मी उठून आप्पांच्या खोलीच्या दाराशी जायची. तिथं अव्वा आधीच उभ्या असायच्या. दोघी एकमेकींकडं बघायचो आणि परत फिरायचो. दिवसा मात्र कुठंही झोप लागायची. पीठ मळताना, केस विंचरताना, देवापुढं. खाल्लेलं अंगी लागेना. माझ्या यजमानांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जीभ बघितली, नाडी बघितली, आणि म्हणाले, "यांना रोग काही नाही. दमल्यात. महिनाभर हवापालटाला पाठवा कुठंतरी."

घरी येताना यजमान हसले. "हवापालट साहेब लोकांनी करावा. आपण कुटं जायचं?"

अव्वा सुपात ज्वारी पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आक्काकडं जाऊ. मला बी यायचंय."

आक्का ही माझी नणंद, यजमानांची थोरली बहीण. तिचे मालक कोकणातले. तरुणपणी पोट भरायला सोलापुरात आले, आप्पांच्याच खात्यात लागले. आप्पांना पोरगा आवडला, लग्न लावून दिलं. काही वर्षं दोघं आमच्याच गल्लीत राहिले. मग त्यांचा थोरला भाऊ वारला, घरची शेती बघायला माणूस राहिला नाही, म्हणून ते आक्कांना घेऊन रत्नागिरीच्या खाली एका खाडीकाठच्या गावात परतले. त्यानंतर माहेरचं कुणी तिकडं गेलं नव्हतं. आप्पा पडले तेव्हा आक्का पोटुशी होत्या, त्यामुळं त्यांनाही येता आलं नव्हतं. आप्पा गेले ते ऐन आषाढात. घाटात दरड कोसळली होती, मोटारी बंद होत्या, आक्कांच्या अंगावर तान्हं पोर. तार तिथं पोचेपर्यंत इकडं दिवसकार्य होऊन गेलं होतं. त्या येऊ शकल्या नाहीत.

पुढच्या वैशाखात आम्ही निघालो. मी, अव्वा आणि माझी मुलगी. यजमान कोल्हापूरपर्यंत आले. कुर्डुवाडीला उतरून छोट्या गाडीनं मिरज, तिथून कोल्हापूर. कोल्हापुरात आक्कांचे मालक न्यायला आले होते. पुढं सर्व्हिसची मोटार. घाट उतरताना मुलगी ओकली, मग मी ओकले. अव्वा मात्र पदर तोंडाला लावून ताठ बसल्या होत्या. खाली झाडी दाटत गेली तशा त्या म्हणाल्या, "हितं माणसाला लांबचं काय दिसतच न्हाय की." आमच्याकडं माळावर उभं राहिलं की दोन गावांपलीकडची बैलगाडी दिसते. इथं वळणापलीकडचं घर दिसेना.

आक्का वाटेवरच उभ्या होत्या. कडेवर पोर, मागं दोन. वाळल्या होत्या, काळ्या पडल्या होत्या. त्यांनी अव्वांच्या गळ्यात हात टाकला. मला वाटलं आता दोघी रडतील, आणि मीही तयारी केली. पण आक्कांनी लगेच डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला, चला. हातपाय धुवा. उद्या समुद्रावर जायचंय. मी गाडी सांगून ठेवलीय."

तिथून आमच्या सहली सुरू झाल्या.

पहिल्या दिवशी समुद्र. उन्हं चढायच्या आत पोचायचं म्हणून आक्का अंधारात उठल्या. तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, आंबे टोपलीत भरले, पोरांची आंघोळ, बैलगाडीत चटई, पाण्याचा तांब्या. मी उठून हाताखाली गेले. पाहुणी झाले म्हणून बसून कसं राहणार? गाडीतून उतरलो तर समोर सगळं पाणीच. माझी मुलगी किंचाळून धावत सुटली आणि मी तिच्या मागं. वाळूत पाऊल टाकावं तर रुततं, काढावं तर मागं सरकतं. मला ते चालणं म्हणजे कुणीतरी पाय धरून ठेवल्यासारखं वाटलं.

अव्वा थोडा वेळ समुद्राकडं बघत उभ्या राहिल्या. मग त्याच्याकडं पाठ करून, सुरूच्या झाडांकडं तोंड करून बसल्या.

"अव्वा, तिकडं बघ की," आक्का म्हणाल्या. "एवढ्या लांबनं आलीस."

"बघितलं की. लई मोटं हाय. आपला माळ बी मोटा हाय, पर त्यो हालत न्हाय."

आक्का हसल्या, पण त्यांचं तोंड जरा उतरलं.

दुसऱ्या दिवशी बागेत नेलं. माड, पोफळी, मधे रहाट. बैल गोल फिरतोय, मडकी भरून वर येताहेत, पाणी पाटानं झाडांच्या मुळाशी चाललंय. पोरं पाटात बसली. आक्कांच्या मालकांनी शहाळी उतरवली. ते गोड, मितभाषी गृहस्थ होते. शहाळं सोलून पहिलं अव्वांच्या हातात दिलं आणि लांब जाऊन उभे राहिले. तिथली सावली इतकी गार होती की मला वाटलं, आता इथंच आडवं व्हावं. मी पदर डोक्याखाली घेतला न घेतला तोच आक्का म्हणाल्या, "वैनी, उठ. वरच्या अंगाला फणस धरलाय बघ कसा बुंध्यापासून, दाखवते."

उठले. फणस बघितला.

मग काजूची बोंडं. डोंगरावरची करवंदं. ओहोटीला खाडीत जाऊन शिंपल्या वेचणं. त्यांना तिथं तिसऱ्या म्हणतात. घरी आणून आक्कांनी त्यांचं कालवण केलं. त्या वासानं अव्वा ओटीवर जाऊन बसल्या आणि सोलापुराहून आणलेल्या कडक भाकरीवर शेंगांची चटणी घेऊन जेवल्या. एक दिवस भाताची दाढ भाजायची होती. पालापाचोळा, शेण पसरून जमीन जाळतात, पाऊस पडला की तिथंच भाताचं रोप टाकायचं. तेही बघायला नेलं. धुरानं डोळे चुरचुरले. पोरांना सगळं आवडलं. खोटं कशाला बोलू, आवडण्यासारखंच होतं. माझी मुलगी म्हातारी होत आली तरी त्या रहाटाची गोष्ट नातवंडांना सांगते. पण सहल म्हणजे काय, तर स्वयंपाक उचलून दुसरीकडं न्यायचा, पोरं उचलून दुसरीकडं न्यायची आणि संध्याकाळी दोन्ही परत आणायची. घरी आल्यावर आम्ही भांडी घासायचो, पोरांच्या अंगाची वाळू धुवायचो. आक्का भांडी घासता घासता उद्याचा बेत सांगायच्या. त्या कधी बसत नव्हत्या. मी त्यांना नीट बसलेलं बघितलंच नाही. जेवतानाही एक गुडघा वर, केव्हाही उठायच्या तयारीत.

आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. इतक्या दिवसांत त्यांनी आप्पांचं नाव काढलं नव्हतं. कसे गेले, काय झालं, काही विचारलं नव्हतं. अव्वांच्या बोलण्यात चुकून "तुजे आप्पा" आलं की आक्का उठून गुरांना वैरण घालायला जायच्या.

एका सकाळी डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जायचं ठरलं होतं. मी केस बांधत होते आणि हात वर गेलेलेच राहिले, खाली येईनात. अव्वांनी ते बघितलं. त्या एकदम कण्हल्या आणि भिंतीला धरून बसल्या.

"काय झालं गं?" आक्का धावत आल्या.

"गुडगा धरलाय. मला न्हाय जमायचं. तुमी जावा पोरास्नी घेऊन. हिला ठेवा हितं, तेल लावून चोळायला."

"मग मी बी ऱ्हाते की."

"नगं. पोरं कपडं घालून बसल्यात. जा तू."

आक्का पोरांना घेऊन गेल्या. मी तेलाची वाटी कोमट करून आणली आणि अव्वांच्या पायाशी बसले. त्यांनी वाटी माझ्या हातातून काढून बाजूला ठेवली.

"माज्या गुडग्याला काय बी झालं न्हाय," त्या म्हणाल्या. "नीज तू."

"अव्वा..."

"नीज म्हनते न्हवं?"

पडवीत चटईवर मी आडवी झाले. त्या उशाशी बसल्या आणि माशा वारत राहिल्या. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून सासूनं माझ्यावर पदरानं वारा घालावा, असं कधी घडलं नव्हतं. मला काही बोलायचं होतं, पण काय ते सुचायच्या आत डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती आणि अव्वा भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होत्या. पंख्यासारखा धरलेला पदर तसाच हातात.

आक्का परत आल्या त्या करवंदांचा द्रोण घेऊन. पडवीच्या पायरीवर उभं राहून त्यांनी आमच्याकडं बघितलं. माझ्या गालावर चटईचे वळ होते. तेलाची वाटी भरलेली, तशीच. त्यांना सगळं समजलं असावं. द्रोण माझ्याजवळ ठेवून त्या हलकेच म्हणाल्या, "तुमाला न्हाय आवडत व्हय, वैनी?"

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "तसं न्हाय हो आक्का. मी जरा दमले एवढंच."

"आठ वरसं झाली हितं येऊन. कुनी आलं तर दावायचं म्हनून मी एक एक जागा मनात ठिवली हुती." त्या करवंदं निवडायला लागल्या. "एकच ऱ्हायलीय. खाडीपल्याडचं देऊळ. तेवढं करू. मग बसा म्हनाल तितकं."

यावर नाही कसं म्हणायचं?

देवळाला होडीनं जायचं होतं. आक्कांच्या वाडीतलाच एक म्हातारा होडी चालवायचा. त्याला सगळे काका म्हणत. आम्ही तिघी आणि चार पोरं. आक्कांचे मालक शेतावर होते. ठरल्यापेक्षा उशीर झाला, कारण आक्का सारखं काहीतरी घ्यायला घरात परत जात होत्या. आधी नारळ, मग देवीची खणओटी, मग आंब्यांची दुसरी टोपली. काका काठावर उभा राहून पाण्याकडं बघत होता.

"वहिनी, ओहोटी लागलीय. आता नको. उद्या जाऊ," तो म्हणाला.

"उद्या न्हाय. आजच," आक्का म्हणाल्या. "पटकन जाऊन येऊ की."

काकानं पुन्हा एकदा पाण्याकडं बघितलं आणि होडी ढकलली.

खाडी रुंद होती. दोन्ही काठांना कांदळवन, पाण्यातून वर आलेली त्याची मुळं, त्यांवर बसलेले बगळे. मधोमध येईपर्यंत बरं चाललं होतं. मग होडीखाली काहीतरी खसखसलं. काकानं वल्हं खोल रोवलं, जोर लावला. होडी जरा सरकली आणि बसली. त्यानं पुन्हा जोर लावला. वल्ह्याबरोबर काळा चिखल वर आला.

"काय झालं?" अव्वांनी होडीची कड घट्ट धरली.

"रुतली, आजी. पाणी उतरलं. भरती येईपर्यंत आता हलायची नाय."

"मग उतरून चालत जाऊ की."

"कमरेएवढा रेंदा हाय. पाय टाकलात तर मलाच ओढून काढावं लागंल. वाईच दम धरा. भरती लागली की आपसूक उठंल."

बघता बघता चारी बाजूंचं पाणी सरत गेलं आणि आम्ही चिखलाच्या मैदानात एका लाकडी पेटाऱ्यात बसल्यासारखे बसून राहिलो. चिखलावर तांबड्या नांगीचे बारके खेकडे बाहेर आले. पोरांना त्यात मजा वाटली. त्यांनी आंबे खाऊन बाठी खेकड्यांना मारल्या. ऊन डोक्यावर होतं. काकानं वल्ही उभी करून त्यावर जुनं शीड टाकलं, तेवढीच सावली. मग तो होडीच्या टोकाला डोक्यावर पंचा ओढून पडून राहिला. हळूहळू पोरंही पेंगुळली, एकमेकांच्या अंगावर आडवी झाली.

आक्कांना करायला काही उरलं नव्हतं. वैरण घालायला जाता येत नव्हतं, भांडी नव्हती, वाढायचं नव्हतं. त्यांनी टोपली आवरली, परत सोडली, परत आवरली. नारळ एका बाजूचा दुसऱ्या बाजूला ठेवला. मग दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या. मी त्यांना असं बसलेलं पहिल्यांदाच बघत होते.

चिखलाकडं बघतच त्यांनी विचारलं, "अव्वा, आप्पा कसं गेलं?"

अव्वांनी आधी पोरं झोपलीत का ते बघितलं. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांना गोष्ट सजवून सांगता यायची नाही. पडलेले घरी आणले इथपासून, जसं झालं तसं सांगितलं. पहिल्या महिन्यात डावा हात हलवायचे, मग तोही राहिला. पाठीला जखमा झाल्या. घास गिळता येईना. शेवटी शेवटी डोळे उघडे असायचे, पण बघतात की नाही ते समजायचं नाही. गेले ते सकाळी. आम्ही दोघी कूस बदलत होतो. अव्वा "हं" म्हणाल्या, आम्ही वळवलं, आणि वळवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण नुसतं ओझं वळवलंय.

हे मला ठाऊक होतं, मी तिथंच होते. पण अव्वांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आम्ही दोघी त्यावर कधी बोललोच नव्हतो.

आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग जे विचारायला त्या इतके दिवस भीत होत्या, ते विचारलं.

"माजं नाव घ्यायचं का?"

अव्वांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला बरोबर समजला. होय म्हणावं, की खरं सांगावं? होय म्हणणं सोपं होतं. माणसंच काय, देवसुद्धा त्याला पाप म्हणाला नसता. पण मी इतकी दमले होते की खोटं रचायला लागणारी ताकदसुद्धा अंगात नव्हती.

मी म्हटलं, "न्हाय आक्का. त्यास्नी शब्दच येत न्हवता. नुसतं 'ब, ब' करायचे. पानी पायजे असलं तरी 'ब', अन् माशी बसली तरी 'ब'. कुनाचंच नाव घेतलं न्हाय. अव्वांचं बी न्हाय."

आक्का माझ्याकडं टक लावून बघत राहिल्या. मला वाटलं, आपण हे बोलायला नको होतं. मग त्यांचे खांदे खाली आले.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "लई बरं झालं, वैनी. मला वाटायचं, ते तितं हाका मारत असतील. आषाढात मी चिखलात वाकून भात लावत हुते, अन् कानात सारखं यायचं, आप्पा हाक मारतंय. वर बघायचं तर पाऊस. ह्यांना सांगावं तर म्हनायचे, घाट बंद हाय, काय करनार. मी रोज वाकायचे अन् रोज ऐकायचे. आजपतुर."

आणि मग त्या रडल्या. मोठ्यानं, गळा काढून, आमच्याकडं बायका रडतात तशा, आप्पांना हाका मारत. काका उठून बसला, काय ते बघितलं आणि पुन्हा पंचा ओढून घेतला. बगळे उडाले. अव्वांनी पोरीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि त्याही रडायला लागल्या. मी मधे बसून दोघींच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं, पण ते फार थोडं. आप्पा गेल्यापासून मी जे रडायचं ठेवलं होतं, त्यातलं तेवढंच त्या दिवशी आलं. बाकीचं पुढं कधी कधी, कारण नसताना आलं.

रडून झाल्यावर आक्का अव्वांच्या मांडीवरच झोपल्या. तोंडावर उन्हाची तिरीप आली तरी हलल्या नाहीत. अव्वा त्यांच्या तोंडावर पदर धरून बसल्या.

"हिला कुनी तरी सांगाय पायजे हुतं," त्या पुटपुटल्या. "मला वाटलं, हिला ऐकायचं न्हाय."

"मला बी तसंच वाटलं," मी म्हटलं.

उन्हं कलली तसं चिखलात कुठं कुठं पाणी चमकायला लागलं. आधी ओघळ, मग पट्टे. खेकडे बिळात गेले. होडीच्या तळाशी थप थप आवाज यायला लागला, ती एकदा डुलली आणि उठली. काकानं विचारलं, "वहिनी, देवळाकडं की घराकडं?"

आक्का झोपेतच होत्या. अव्वा म्हणाल्या, "घराकडं घे बाबा."

देऊळ आम्ही बघितलं नाही. नारळ आक्कांच्या मालकांनी नंतर नेऊन वाढवला.

दुसऱ्या दिवशी आक्का उशिरापर्यंत उठल्या नाहीत. चूल मी पेटवली. मालक दोनदा दारात येऊन बघून गेले. लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोला सूर्य उगवल्यावर झोपलेलं बघितलं नव्हतं. घाबरून मला विचारलं, "आजारी आहे का?"

मी म्हटलं, "न्हाय. झोपल्यात."

उरलेले दिवस आम्ही कुठंच गेलो नाही. पोरं आपापली बागेत, पाटात खेळायची. आम्ही तिघी ओटीवर. आक्का आठवण आली की विचारायच्या, आप्पांचं पागोटं कुणाला दिलं, गिरणीतली माणसं आली होती का, मैंदर्गीचं रान कोण करतं. अव्वा सांगायच्या. कधी आप्पांच्या जुन्या गोष्टी निघायच्या आणि दोघी हसायच्या. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तिच्यात एकदा आप्पा स्वतःच हरवले होते आणि लहानग्या आक्कांनी त्यांना शोधून आणलं होतं, ती गोष्ट मी तिथं पहिल्यांदा ऐकली. मी बहुतेक वेळ झोपेत असायची. बोलणं लांबून ऐकू यायचं आणि मधेच तुटायचं. कुणी उठवत नव्हतं.

पाऊस लागायच्या आत परत यायला हवं होतं. निघताना आक्का वाटेपर्यंत आल्या. या खेपेला कसला बेत सांगितला नाही. अव्वांना म्हणाल्या, "सावकाश जा. घाटात तोंडाला पदर लाव."

सोलापुरात आल्यावर माझे यजमान म्हणाले, "रंग उजळलाय की. हवा मानवली." मी होय म्हटलं. खरं तर थकवा काही एका महिन्यात गेला नव्हता. तो पुढं कितीतरी दिवस अंगात होता, आणि आता या वयात तर नवा येऊन बसलाय, तो जायचा नाही. पण पहाटेचं उठून त्या खोलीच्या दाराशी जाणं बंद झालं. भोंगा झाला की अव्वा कूस बदलायच्या आणि मीही. कधी कधी तर दोघींना उशीर व्हायचा आणि यजमान डबा न घेताच गिरणीत जायचे.

त्या थंडीत आक्का मालकांबरोबर आल्या. येळ अमावस्येला, म्हणजे उभ्या पिकाच्या पूजेच्या दिवशी, आम्ही सगळे मैंदर्गीच्या रानात गेलो. ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. पूजा झाली, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील, सगळं रानातच. कोकणातल्या पोरांनी एवढी ज्वारी कधी बघितली नव्हती. ती आत शिरून हरवली आणि त्यांचे नुसते आवाज येत राहिले. आक्कांच्या मालकांनी आंबिलीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं न करता कसाबसा गिळला. अव्वा त्यांना हसल्या. जेवणं झाल्यावर आक्का आंब्याच्या झाडाखाली बसल्या. दोन्ही पाय लांब केले.

"वैनी," त्या म्हणाल्या, "भांडी ऱ्हाऊ दे. हितं ये."

मी गेले आणि त्यांच्या शेजारी बसले. समोर रान पार क्षितिजापर्यंत पसरलं होतं. थोड्या वेळानं अव्वाही येऊन आमच्याजवळ टेकल्या.